नानांची स्मरणिका, घोडीची चंदी आणि बुरशी लागलेलं खोगीर

शहादा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आखूड करून देतो.

"आमचे नाना गेल्या पौषात गेले. शाळेच्या दाखल्याप्रमाणे वय ७४. चौदा एकर शेती, आम्ही तीन भावंडं आणि दारात कायम एक तरी घोडी. सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा त्यांनी सहसा चुकवली नाही. वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायचं ठरलंय. धाकट्या भावाने आठ पानं लिहून आणली: 'प्रेमळ, कष्टाळू, निगर्वी, कुटुंबवत्सल, अश्वप्रेमी'. तो वाचत असतानाच आई उठून आत गेली. मोठी बहीण म्हणते, घोड्यांचं काही घालू नका, त्या नादापायी आईची पोत सराफाकडे गहाण पडली होती. भाऊ म्हणतो, घोडे वगळले तर नाना उरतात किती? मला आठवतं ते एवढंच: पावसाळ्यात नाल्याला पाणी असलं की मला पुढ्यात बसवून शाळेत सोडायचे, जत्रेहून आईला बांगड्या आणल्याशिवाय यायचे नाहीत, पहाटे घोडीला पाणी दाखवल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत. एवढ्यावर स्मरणिका होते का? शिवाय त्यांचं खोगीर पावसाळी हवेत बुरशीने पांढरं पडलंय. घोडी निम्मी चंदी (धान्याचा खुराक) टाकून देते आणि भावाला ती मार्गशीर्षातल्या जत्रेत विकायची आहे. काय करावं?"

ताई, घोडीपासून सुरुवात करू. स्मरणिका महिनाभर थांबेल, जनावर थांबणार नाही. दुसरंही एक कारण आहे, ते वाचता वाचता लक्षात येईल.

धनी गेला म्हणून घोडी खात नाही, असं गावात म्हणत असतील. खरारा करणारा, चंदी घालणारा हात बदलला की घोडं बावरतं, हे खरंच. पण पौष जाऊन श्रावण आला. इतके महिने उलटून गेल्यावर सगळं शोकावर ढकलू नका. आधी तोंड बघून घ्या. घोड्याच्या दाढा आयुष्यभर झिजत आणि वर येत राहतात. वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड धारदार होते, गालाला आणि जिभेला जखमा करते. मग घोडं मान वाकडी करून चावतं, चघळलेल्या वैरणीचे गोळे तोंडातून पाडतं, लिदीत अख्खा हरभरा दिसतो. यातलं एक जरी दिसलं तर पशुवैद्यकाला बोलावून दाढा घासून घ्या. वर्षातून एकदा हे करावंच लागतं. बहुतेक नाना ते वेळेवर करून घेत असतील आणि यंदा ते राहून गेलं असेल.

तोंड ठीक असेल तर माप बघा. नाना चंदी कशाने मोजून घालत? पत्र्याचा डबा, शेर, की ओंजळ? डबा तोच ठेवून धान्य बदललं की घोटाळा होतो. एकाच डब्यात हरभरा आणि गव्हाचा कोंडा आलटून पालटून भरला तर वजनात दुपटीहून जास्त फरक पडतो. तेव्हा डबा सापडला की त्यात जे धान्य घालत ते भरून काट्यावर वजन करा. साधारण ३५० किलोच्या घोडीला दिवसाला ५ ते ७ किलो कोरडी वैरण लागते आणि चंदी दोन-तीन वेळांत विभागून. एका वेळेला पावणेदोन किलोच्या वर नको. जादा धान्य एकदम पोटात गेलं तर पोटशूळ उठतो किंवा पाय धरतात. खाण्यातला कोणताही बदल सात ते दहा दिवसांत हळूहळू करायचा.

तुमच्या भागात मका भरपूर, म्हणून एक इशारा. बुरशी लागलेला मका घोड्याच्या मेंदूवर परिणाम करतो आणि त्यातून घोडं वाचणं कठीण असतं. गुराढोरांना चालला म्हणून घोडीला चालेल असं नाही. गाई-म्हशींच्या गोळी पेंडेत मोनेन्सिन नावाचं औषध असेल तर ते घोड्याच्या हृदयाला विषासारखं बाधतं. भाऊ गोठ्यातलीच पेंड घोडीपुढे टाकत असेल तर आजच थांबवा.

आणि हे आकडे गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा: ताप ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, शांत उभी असताना नाडी मिनिटाला २८ ते ४४, लीद दिवसातून आठ ते बारा वेळा. लीद थांबली, घोडी पुढच्या पायाने जमीन उकरू लागली, वळून वळून कुशीकडे बघू लागली किंवा लोळू लागली, तर वैरण काढून घ्या आणि लगेच डॉक्टरला फोन करा. अशा वेळी घरगुती काढा नळीने पाजू नका. तो फुप्फुसात जातो आणि पोटदुखीतून वाचलेलं घोडं न्यूमोनियाने मरतं.

नालबंद पौषापासून आलाय का? खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी कापावे लागतात. आला नसेल तर त्याला बोलवा आणि तो काम करत असताना जवळ बसा. ते दुसरं कारण इथे येतं: घोडीसाठी जी माहिती जमवावी लागणार आहे, तीच तुमच्या स्मरणिकेचा मजकूर आहे. डब्याचं वजन, पाण्याची वेळ, खूर कापायला कोण यायचा, दाढा कोणाकडून घासून घ्यायचे, घोडी कोणत्या हाकेला मान वर करते. भावाच्या आठ पानांत यातलं काही नाही, म्हणून आई उठून गेली असावी. 'कुटुंबवत्सल' हा शब्द कोणाच्याही वडिलांना चालतो. पहाटे आधी घोडीला पाणी आणि मग चहा, हे फक्त तुमच्या नानांचं आहे.

म्हणून बहिणीची आणि भावाची बाजू वेगवेगळी मांडूच नका. 'कुटुंबप्रमुख नाना' आणि 'अश्वप्रेमी नाना' अशी दोन प्रकरणं केली की दोन्ही पोकळ होतात. तुमच्याच पत्रातला नाला बघा. पोरीला पुढ्यात घेऊन वाहत्या पाण्यात घोडी घालणारा माणूस मनात काहीतरी हिशोब करतो. पाणी घोडीच्या गुडघ्यापर्यंत आहे तोवर ती पाय रोवून चालते. पोटाला पाणी लागलं की ओढ तिला बाजूला रेटते. नाना कुठल्या खुणेवरून ठरवत? पुलाची पायरी, एखादा दगड, बाभळीचं खोड? कोणत्या दिवशी त्यांनी 'आज शाळा नको' म्हणून घोडी मागे फिरवली? हे आईला, बहिणीला, त्या वाटेवरच्या शेतकऱ्यांना विचारा. बाप आणि घोडेस्वार त्या एका उत्तरात सापडतील.

माहिती जमवायला आता सोयीचे दिवस आहेत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नानांच्या नावाची घागर भरली असेल, आत्या-बहिणी आल्या असतील, ती संधी गेली. पण पोळा आहे, पितृपक्ष आहे, दिवाळी आहे. माणसं घरी येतील तेव्हा फोनवर बोलणं ध्वनिमुद्रित करा. फोन बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर, घडी घातलेल्या रुमालावर ठेवा. एअरप्लेन मोड चालू, पंखा बंद. आधी एक मिनिट मुद्रित करून ऐकून पाहा, कारण अर्धा तास बोलून झाल्यावर नुसती घरघर ऐकू येणं ही नेहमीची फजिती आहे. एका बैठकीला पाऊण तास पुरे. म्हाताऱ्या माणसाला त्यापुढे थकवा येतो आणि तो 'हो, हो' म्हणू लागतो. फाइलला तारीख आणि नाव त्याच दिवशी द्या, आणि दुसऱ्या फोनवर प्रत काढून ठेवा.

'नाना कसे होते?' असं विचारू नका. त्याला 'देवमाणूस' एवढंच उत्तर मिळतं. विचारा: सारंगखेड्याला कोणत्या वाटेने जात, कोणासोबत, रात्री कुठे उतरत? एकमुखी दत्ताचं दर्शन आधी की घोडेबाजार आधी? घोडं बघताना पहिलं काय बघत, पाय की तोंड? अंगावरच्या केसांचा कोणता भोवरा चालत नव्हता, आणि तसा भोवरा असलेली घोडी कधी घेतली का? रंग कोणता आवडायचा, कुमेत, अबलक, पंचकल्याणी? रेवाल चाल (स्वाराला हिसके न देणारी) त्यांनी घोडीला शिकवली की शिकलेली घेतली? लग्नाच्या वरातीला घोडी देत असत का, आणि नवरदेव घाबरला तर लगाम कोणाच्या हातात? घोडा न घेता परत आले ते वर्ष कोणतं, आणि का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा घरातच निघतं: त्या वर्षी कोणाचं लग्न होतं, कोणाची फी भरायची होती, विहिरीला पाणी लागलं नव्हतं.

आई अहिराणीतच बोलत असेल तर तिचं बोलणं पुस्तकी मराठीत उतरवू नका. 'त्या पहिले घोडीले पानी पाजेत, मंग सोता च्या पेयेत' हे वाक्य आहे तसं छापा. शहाद्याकडच्या वाचकाला त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. नालबंद, घोड्यांचा व्यापारी, बँडवाला, जुना पशुवैद्यक, शेजारचा सालदार, प्रत्येकाचं बोलणं त्याच्या बोलीतच राहू द्या. फक्त पाल्हाळ कापा.

आता तारखा. दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. त्या पिढीतल्या अर्ध्या गावाचा जन्म मास्तरांनी १ जूनला लावून टाकलेला असतो. 'दाखल्याप्रमाणे' असं लिहा आणि आजीने सांगितलेला सण किंवा ऋतू माहीत असेल तर तोही द्या. जुन्या कागदांवर जिल्हा वेगळा दिसला तर गोंधळू नका. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि शहादा पश्चिमेत गेलं. नानांचा जन्म १९५१ च्या सुमाराचा असेल तर जन्माच्या वेळचा जिल्हा पश्चिम खानदेश, नंतर धुळे आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार. गाव न सोडता माणूस तीन जिल्ह्यांत नांदला. स्मरणिकेत 'जन्म: जि. नंदुरबार' छापू नका, त्या काळी तो जिल्हाच नव्हता.

घोड्यांच्या तारखा तर कोणाच्याच लक्षात नसतात. त्या अडकवायला खुंट्या लागतात. १९७२ चा दुष्काळ ही सगळ्यात पक्की खुंटी: त्या वर्षी दारात कोणती घोडी होती, वैरण कुठून आणली, की विकावी लागली? तापीचे १९६८ आणि २००६ चे पूर, तुमच्या तिघांचे जन्म, बहिणीचं लग्न, पहिला ट्रॅक्टर, सारंगखेड्याला चेतक महोत्सव सुरू होण्याआधी की नंतर. एका लांब कागदावर मधोमध रेघ मारा. वर घरातल्या घटना, खाली घोड्या. कोणती घोडी कोणत्या वर्षी आली, कोणाकडून, किती शिंगरं दिली, कुठे गेली. हा कागद पूर्ण झाला की निम्मी स्मरणिका झाली, आणि तो जसाच्या तसा मधल्या जोडपानावर छापता येतो.

लिहायचं कसं, ते तुमच्याच आठवणींवर करून दाखवतो:

"पहाटे उठले की नाना थेट ठाणावर जात. घोडीला पाणी दाखवल्याशिवाय त्यांनी चहा घेतला नाही. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की धाकट्या मुलीला पुढ्यात बसवून पलीकडे शाळेजवळ उतरवत आणि मग शेताकडे वळत. सारंगखेड्याच्या जत्रेत घोडं घेतलेलं असो वा नसो, परतताना पिशवीत आईसाठी बांगड्या असत."

यात स्तुतीचं विशेषण एकही नाही आणि माणूस दिसतो. पण अजून चार जागा रिकाम्या आहेत: घोडीचं नाव, नाल्याचं नाव, तुम्ही तेव्हा कितवीत होता, बांगड्या कोणत्या रंगाच्या. त्या भरल्या की परिच्छेद पक्का होईल. आठवत नसेल ते ठोकून देऊ नका. बांगड्यांचा रंग चुकला तर आईला लगेच कळेल, आणि मग बाकीच्या पानांवरचाही तिचा विश्वास उडेल.

आईच्या पोतीचा विषय नाजूक आहे. बहिणीला तो लपवायचा नाही, तिला तो सलतोय. म्हणून आधी आईशी एकटीने बोला, भावंडांसमोर नको. तीन गोष्टी विचारा: पोत कोणत्या वर्षी गहाण पडली, कशासाठी, आणि कधी सुटली. अशा आठवणीत गहाण ठेवल्याचा दिवस पक्का असतो आणि सोडवल्याचा धूसर. सराफाची पावती जुन्या ट्रंकेत निघू शकते. घोडीसाठी म्हणून जे बोललं जातं ते कधी कधी बियाण्यासाठी, आजारपणासाठी असतं. घोडी त्याच हंगामात आली म्हणून दोष तिच्यावर जातो. पण घोडीसाठीच असेल तर तसंच लिहा. "अमुक साली घोडीसाठी आईची पोत गहाण ठेवली. अमुक हंगामातल्या कापसाच्या पैशांतून ती सोडवली." कापूस की मिरची की पपई, जे असेल ते. दोन वाक्यं, त्यावर मल्लिनाथी नाही, 'पण त्यांचं मन मोठं होतं' अशी सारवासारव तर अजिबात नाही. पोत सुटली नसेल तर तेही एका वाक्यात. आणि आई नको म्हणाली तर विषय तिथेच संपला. दागिना तिचा, शेवटचा शब्दही तिचा. बहिणीला तेवढं सांगा की छापायचं की नाही हे आईने ठरवलं.

फोटोंकडे वळू. घोड्यांचे जुने फोटो ओळखण्यात मोठा घोळ होतो, कारण घरातली प्रत्येक लाल घोडी एकसारखीच दिसते. ओळख चेहऱ्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून, कोणत्या पायाला किती पांढरं आहे यावरून आणि कपाळाच्या-मानेच्या भोवऱ्यांवरून पटवा. काही फोटो उलटे छापलेले असतात. नानांच्या शर्टाची बटणपट्टी बघा: पुरुषांच्या शर्टाची बटणं त्यांच्या उजव्या बाजूला शिवलेली असतात आणि काजं डाव्या पट्टीवर. फोटोत उलटं दिसलं तर निगेटिव्ह पालथी लावून छापलंय. दुसरी खूण: घोड्यावर डावीकडून चढतात, हातात लगाम धरून उभा माणूसही सहसा घोड्याच्या डाव्या अंगाला असतो. उलट फोटो तसाच छापला तर डाव्या पायाचा पांढरा मोजा उजव्या पायाला जातो आणि जाणकार माणूस म्हणतो, ही ती घोडी नव्हेच.

चिकट पानांच्या अल्बममधला फोटो नखाने खरवडून काढू नका. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोमागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. तरी निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा. पोस्टकार्डाएवढ्या किंवा त्याहून लहान फोटोला ६०० डीपीआय, मोठ्याला ३०० पुरतं. मोबाइलने फोटोचा फोटो घ्यायचाच असेल तर उजेडात पण उन्हात नाही, वरून सरळ. फाइल छापखान्याला पाठवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की ती दाबून लहान होते आणि छापल्यावर चेहऱ्याचे चौकोन दिसतात.

खोगिराची गोष्ट सोपी आहे, मात्र घाई केली तर चामडं वाया जातं. नाकाला कापड बांधून ते अंगणात सावलीत न्या, घरात झटकू नका. बुरशीची भुकटी सगळीकडे पसरते. कोरड्या मऊ ब्रशने बुरशी झाडा. तंग (पोटाखालचा पट्टा), रिकिबीचे पट्टे, दुमची (शेपटाखालचा पट्टा) सोडून सुटं करा, कारण बुरशी बकलाखाली दडते. ओलसर, पिळलेल्या कापडावर ग्लिसरीनचा साबण थोडा घेऊन पुसा, मग स्वच्छ ओलसर कापडाने. पाणी ओतायचं नाही. दोन दिवस सावलीत वाऱ्यावर वाळवा. उन्हात ठेवलं तर चामडं तडकतं. पूर्ण वाळल्यावर चामड्यासाठीचं तेल, नीट्सफूट मिळालं तर उत्तम, अगदी पातळ हाताने. खोबरेल किंवा गोडेतेल चोपडू नका; ते खवट होतं आणि पुन्हा बुरशीला खाद्य मिळतं. जवसाचं तेल चामडं कडक करतं. खोगिराखालचा नमदा मात्र उन्हात घाला, त्याला ऊन मानवतं. लोखंडी रिकिबी आणि कडियाळ्याचा गंज रॉकेलच्या बोळ्याने काढा. कडियाळं घोडीच्या तोंडात जाणार असेल तर नंतर साबणाच्या गरम पाण्याने दोनदा धुवा. पितळेला चिंच आहेच. खोगीर खिळ्याला टांगू नका, सांगाडा वाकतो. लाकडी घोडीवर किंवा गोल लोडावर ठेवून वरून सुती चादर टाका. प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर पुढच्या श्रावणात पुन्हा पांढरं होईल.

वर्षश्राद्धाला ते नानांच्या फोटोशेजारी मांडायचं असेल तर मांडा. नवं दिसावं म्हणून पॉलिश मारू नका. मांडीच्या घर्षणाने जिथे चामडं गुळगुळीत झालंय ते राहू द्या. आणि कोणी नातू त्यावर बसायचा हट्ट धरेल तर आधी तंगाची आणि रिकिबीच्या पट्ट्याची शिवण दोन्ही हातांनी ओढून बघा. बुरशी खाल्लेला दोरा बाहेरून धड दिसतो आणि घोडी दुडक्या चालीला लागली की तुटतो. सजवलेल्या घोडीला मांडवात आणून मानवंदना देण्याची कल्पना कोणी काढलीच तर नको म्हणा. लाऊडस्पीकर, गर्दी, शेजारी पेटलेली चूल, आणि गेले काही महिने नवख्या हातात असलेली घोडी. त्यातून काय होईल ते सांगायला नको.

विक्रीबद्दल. जत्रा मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपास, वर्षश्राद्ध पौषात. भावाला विकायचीच असेल तर त्यात नानांचा अपमान वगैरे काही नाही. नानांनीही आयुष्यभर घोडे घेतले आणि विकले. पण दोन गोष्टी आधी. एक, घोडी गाभण आहे का हे तपासा. घोडी साधारण अकरा महिने, म्हणजे ३४० दिवसांच्या आगेमागे विते. नानांच्या हयातीत ती नराला दाखवली असेल तर विण्याची वेळ उशिरात उशिरा मार्गशीर्ष-पौषाच्या सुमाराला येईल. शेवटच्या महिन्यांत टेम्पोत घालून बाजारात नेणं म्हणजे घोडी आणि शिंगरू दोन्ही पणाला लावणं. नानांच्या डायरीत, कॅलेंडरच्या चौकटीत तारखेची खूण असेल. नसेल तर पशुवैद्यक तपासून सांगतील. दुसरं, निम्मी चंदी टाकणारी, बरगड्या दिसणारी घोडी बाजारात उभी केली तर गिऱ्हाईक दातांकडे बघायच्या आधीच भाव पाडतं. दाढा, खूर, जंत यांची व्यवस्था आता लावली तर मार्गशीर्षापर्यंत तिच्या अंगावर तकाकी येईल. तेव्हा विका किंवा ठेवा, निर्णय मोकळ्या मनाने होईल.

वय सांगताना अंदाज करू नका. पाचव्या वर्षी पुढचे सगळे दात कायमचे येतात. पुढे वरच्या कोपऱ्याच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमाराला हिरडीपाशी एक उभी खाच उमटते, पंधराव्याला ती निम्म्या दातापर्यंत आणि विसाव्याला टोकापर्यंत पोहोचते. उंची सपाट फरशीवर, आयाळ संपते तिथल्या उंचवट्यापासून, इंचांत. जनावर हलवण्याआधी ग्लँडर्सची रक्ततपासणी आणि आरोग्य दाखला घ्या. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि बाधित घोडं मारावंच लागतं. संशयित नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात पक्के करतात. जत्रेच्या तोंडावर दवाखान्यात रांग लागते, म्हणून दिवाळीनंतर लगेच डॉक्टरांशी बोलून ठेवा. विक्रीच्या पावतीवर रंग, खुणा, भोवरे, वय, उंची लिहा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा. तेच फोटो स्मरणिकेत शेवटच्या घोडीचं पान म्हणून चालतील.

छपाईचं थोडक्यात. मध्ये पिना मारलेली पुस्तिका चारच्या पटीतच होते: १२, १६, २०. तुम्हाला ए-५ आकाराची १६ पानं आणि वेगळं मुखपृष्ठ पुरेल. फोटो असलेल्या पानावर दीडशे-दोनशे शब्दांपेक्षा जास्त कोंबू नका. आतला कागद ९० ते १०० जीएसएम, मुखपृष्ठ २५० च्या पुढे. मजकूर युनिकोडमध्ये दिला आणि छापखान्याने आपल्या जुन्या फॉन्टमध्ये बदलला की 'ऱ्या', 'ॲ', 'र्क' यांसारखी अक्षरं तुटतात. म्हणून पडद्यावरचं नाही, कागदावरचं प्रूफ मागा आणि नावं, साल, घोडींची नावं एकाने मोठ्याने वाचावीत, दुसऱ्याने मूळ कागदाशी ताडावीत. दैनिकात पुण्यस्मरणाची जाहिरात द्यायची झाली तर तिचा दर चौरस सेंटीमीटरवर असतो. तिथे फोटो, साल आणि नातेवाइकांची नावं बस्स, बाकीचं पुस्तिकेत. कार्यक्रमात कोणी वाचून दाखवणार असेल तर मिनिटाला ११० शब्द धरा आणि चारशे शब्दांवर थांबवा. लोक जेवायचे खोळंबलेले असतात.

मुखपृष्ठावर नानांचं नाव, दोन सालं आणि घोडीसोबतचा एक फोटो. 'अश्वमहर्षी' वगैरे पदवी भावाने सुचवली तर खोडून टाका. पहिलं प्रूफ आल्यावर ते आईला बसून वाचून दाखवा, घोडींच्या पानांसकट, आणि जिथे ती 'आसं नव्हतं' म्हणेल तिथे लगेच दुरुस्ती करा. छापायला परवानगी द्यायच्या कागदावर सही किंवा अंगठा तिचाच घ्या, भावाचा नको.